मागे डिस्क ब्रेक असलेल्या व्हॅनची हँडब्रेक केबल बदलताना

ग्रेट ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की तिची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी करून घ्यावी लागते आणि त्या तपासणीत हँडब्रेकचा आकडा पायाच्या ब्रेकपासून वेगळा काढला जातो. मागची चाके रोलरवर ठेवून हँडब्रेक हळूहळू ओढतात, आणि प्रत्येक चाक किती जोराने अडते हे यंत्र मोजते. आजकालच्या बहुतेक गाड्यांना असतात तशी ब्रेकच्या तेलाची दोन स्वतंत्र मंडळे (सर्किट) असतील, तर हँडब्रेकची क्षमता, म्हणजे गाडीच्या वजनाच्या मानाने अडवण्याचा जोर, किमान १६ टक्के भरावी लागते. माझी व्हॅन एकूण साडेतीन टनांची, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणारी आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक असलेली आहे. तिचा पायाचा ब्रेक उत्तम निघाला, हँडब्रेक मात्र नापास झाला. उजवे चाक बऱ्यापैकी धरत होते, पण डाव्या चाकाचा काटा जागचा फारसा हललाच नाही.

आमच्या वेस्ट यॉर्कशरच्या गावात सपाट रस्ता शोधावा लागतो. इथल्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्त्याच्या नियमांच्या सरकारी पुस्तिकेत, असे सांगितले आहे, की चढाकडे तोंड करून गाडी उभी केली तर पुढे नेणारा गिअर टाकून पुढची चाके फुटपाथच्या विरुद्ध बाजूला वळवावीत, आणि उताराकडे तोंड असेल तर रिव्हर्स टाकून चाके फुटपाथकडे वळवावीत. पण ही सगळी हँडब्रेकला दिलेली जोड आहे, त्याला पर्याय नव्हे. आपल्याकडे घाटात गाडी गिअरमध्ये टाकून चाकाखाली दगड लावण्याची रीत असल्यामुळे अनेक जुने चालक हँडब्रेकला दुय्यम मानतात, आणि केबल जाम होण्याला ही सवयही हातभार लावते असे माझे मत आहे. जी केबल रोज पूर्ण ताणली जात नाही ती आतून गंजत गेली तरी कोणाला कळत नाही.

मॅटॅडोरसारख्या जुन्या गाड्यांत रचना सोपी होती. मागे चाकाबरोबर फिरणारा पोकळ ड्रम, ड्रमात त्याला आतून घासणारे दोन वाकडे शू. पाय दाबला की तेलाच्या दाबाने आणि हँडब्रेक ओढला की केबलने, तेच शू फाकत असत. मागच्या चाकाला डिस्क आली की हँडब्रेकची सोय निराळी करावी लागते, आणि ती दोन प्रकारे केली जाते. एका प्रकारात कॅलिपरवरच, म्हणजे डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणाऱ्या भागावरच, एक लहान लिव्हर असतो. केबलने तो ओढला की आतला स्क्रू पिस्टनला ढकलतो आणि पायाच्या ब्रेकचेच पॅड डिस्कला धरतात. दुसऱ्या प्रकारात डिस्कचा मधला टोपीसारखा फुगीर भाग आतून ड्रमसारखा घडवलेला असतो आणि त्यात हँडब्रेकपुरते दोन लहान शू बसवलेले असतात. माझ्या व्हॅनमध्ये हा दुसरा प्रकार आहे. त्याचा फायदा असा, की तेल गळले किंवा पॅड झिजले तरी हँडब्रेकला त्याचा फरक पडत नाही. तोटा असा, की हे शू चालत्या गाडीत कधीच घासले जात नाहीत; पायाच्या ब्रेकची डिस्क रोज घासून आरशासारखी लखलखीत राहते, तर तिच्याच पोटातला ड्रम वर्षानुवर्षे तांबडा होत बसतो. म्हणून अशा गाडीत हँडब्रेक कमजोर झाला तर दोष केबलचा आहे, शूंचा आहे की दोन्हींचा आहे, हे आधी ठरवल्याशिवाय पैसे खर्च करण्यात अर्थ नसतो.

ते ठरवण्याची रीत सोपी आहे, फक्त त्यासाठी दोन माणसे लागतात. सपाट जागी व्हॅन उभी करून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावले. व्हॅनचे पोट बरेच उंच असल्यामुळे जॅक न लावताही खाली सरकता आले. हँडब्रेकच्या दांडीपासून एक पुढची केबल मागे येते, ती इक्वलायझर नावाच्या आडव्या पट्टीला जोडलेली असते, आणि त्या पट्टीच्या दोन टोकांपासून दोन मागच्या केबल दोन चाकांकडे जातात. दोन्ही चाकांना सारखा ओढ मिळावा हे त्या पट्टीचे काम. बायको चालकाच्या जागेवर बसून दांडी दातादाताने, म्हणजे एकेक खटक्याने, ओढू लागली आणि मी बॅटरीचा झोत पट्टीवर धरून खाली पडून राहिलो.

“अरे, सात दात झाले. अजून ओढू का?”

“ओढ. अगदी हलकेच.”

पट्टी सरळ पुढे सरकायला हवी होती. ती उजव्या टोकाने पुढे आली आणि डाव्या टोकाला अडून तिरकी झाली. दांडी खाली सोडल्यावर उजवी केबल स्प्रिंगच्या जोराने परत मागे गेली, डावी मात्र होती तिथेच राहिली. एवढ्यावर निकाल लागला असता, तरी खात्री म्हणून नट सैल करून दोन्ही केबल पट्टीतून सोडवल्या आणि पक्कडीने एकेक ओढून पाहिल्या. उजवी बोटभर सहज आली आणि परत गेली. डावी ताकद लावूनही हलली नाही.

खरे तर एकच केबल गेली होती, पण मी दोन्ही मागवल्या. दोन्हींनी तेवढेच मीठ खाल्लेले होते. हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात आणि ते पाण्याबरोबर गाडीच्या पोटाखाली सगळीकडे उडते. शिवाय एक केबल नवी आणि दुसरी जुनी असली की दोन बाजूंचे घर्षण वेगळे राहते, आणि पट्टीने समान वाटलेला ओढ चाकापर्यंत समान पोचत नाही. सुटे भाग मागवताना चॅसिस क्रमांक देणे मी अत्यावश्यक मानतो. एकाच मॉडेलची व्हॅन आखूड, मध्यम आणि लांब अशा वेगवेगळ्या व्हीलबेसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरात) मिळते, कधी मागे एकेरी चाके असतात तर कधी दुहेरी, आणि त्याप्रमाणे केबलची लांबी बदलते. नुसते मॉडेल आणि साल सांगून मागवलेली केबल तळहाताएवढी कमी पडू शकते. केबलबरोबर शूंच्या स्प्रिंगांचा आणि पिनांचा संच, कॅलिपरचे नवे बोल्ट आणि ब्रेक क्लीनरचे डबे घेतले. शू पाहिल्यावर ठरवू असे आधी मनात होते, पण ड्रम उघडल्यावर गाडी घोड्यांवर (उचललेली गाडी तोलून धरणाऱ्या आधारांवर) अडकून पडू नये म्हणून तेही मागवून ठेवले.

आता गाडी उचलण्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या कामात जिवाला धोका असलेला भाग तेवढाच आहे. हँडब्रेकचे काम करायचे म्हणजे हँडब्रेक सोडलेलाच असणार. गिअरमध्ये टाकलेली गाडी जागची हलत नाही, हा विश्वास मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या व्हॅनच्या बाबतीत इथे पूर्णपणे फसवा ठरतो: गिअर धरून ठेवतो तो मागच्या चाकांना, आणि तीच हवेत गेली की पुढची चाके पूर्ण मोकळी असतात. एकच मागचे चाक उचलले तरी फरक पडत नाही, कारण डिफरन्शियलमुळे (एक्सलमधल्या, दोन चाकांना वेगवेगळे फिरू देणाऱ्या चक्रांमुळे) उचललेले चाक फिरून जमिनीवरच्या चाकाला सरकू देते. थोडक्यात, पुढच्या चाकांचे ठोकळे हाच एकमेव आधार उरतो, म्हणून ते चांगले रुंद, चाकाला घट्ट भिडलेले आणि दोन्ही बाजूंनी असले पाहिजेत. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, मग ट्रॉली जॅकने मागचा एक्सल उचलून पाट्यांच्या (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांच्या) जवळ एक्सलच्या नळीखाली दोन घोड्या लावल्या, आणि गाडीला खांद्याने जोरात हलवून पाहिल्यावरच चाके काढली. काढलेली चाके बाजूला न ठेवता चॅसिसखाली आडवी सरकवली. घोडी निसटलीच तर गाडी माणसावर न येता चाकावर येते.

इक्वलायझरजवळचा नट आदल्या रात्री गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवून ठेवला होता. तारेच्या ब्रशने उघडे आटे घासून घेतल्यावर तो फिरला, पण नटाबरोबर आटे असलेली दांडीही फिरू लागली. तशीच फिरू दिली असती तर पुढच्या केबलला पीळ बसून तीही वाया गेली असती. दांडीचे चपटे टोक पक्कडीत धरून नट शेवटपर्यंत मागे घेतला.

डाव्या चाकाचा कॅलिपर त्याच्या ब्रॅकेटसकट दोन बोल्ट काढून सोडवला आणि तारेने चॅसिसला टांगला. कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये हे कोणीही सांगेल, तरी गॅरेजमध्ये ते सर्रास दिसते. नळीच्या आतले थर त्या वजनाने तुटतात आणि वरून काहीच दिसत नाही. डिस्क निघेना. अशा डिस्कच्या पोटात ड्रमच्या कडेला गंजाची एक कड तयार झालेली असते आणि शू तिच्या आत अडकतात, म्हणून हातोडी उचलण्याआधी शू आत घेणे बरे. डिस्कच्या पुढच्या तोंडावर एक भोक असते. डिस्क फिरवून ते भोक आतल्या, शू आत-बाहेर सरकवणाऱ्या दातेरी चक्रासमोर आणले, चपट्या स्क्रू ड्रायव्हरने चक्र एकेक दात मागे फिरवले, आणि मग स्टडच्या मधल्या जागेवर हातोडीचे ठोके देत, डिस्क थोडी थोडी फिरवत ती बाहेर काढली.

आतला भाग पाहण्यासारखा होता. लायनरची, म्हणजे शूवर चिकटवलेल्या घासणाऱ्या थराची, जाडी जवळजवळ नव्यासारखी होती, पण त्यावर तांबड्या भुकटीचा थर बसला होता, आणि एका शूच्या टोकाला लायनर पत्र्यापासून सुटून वर आला होता. गंजाने पत्रा फुगतो आणि चिकटवलेला लायनर उचलला जातो. झिजलेला नसूनही तो शू बाद होता. या धुळीवर हवेचा फवारा मारायचा नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, ब्रिटनमध्ये त्यावर १९९९ पासून बंदी आहे, पण आजच्या लायनरची धूळही श्वासात घेण्याजोगी नसते. तोंडाला मास्क लावून, खाली पत्र्याचा ट्रे ठेवून, ब्रेक क्लीनरने सगळे ओले करूनच धुतले.

दाबून बसवलेल्या स्प्रिंगा आणि पिना काढल्यावर शू मोकळे झाले, आणि त्यांच्या मागे केबलच्या टोकाला अडकवलेला, शूंना फाकवणारा लहान लिव्हर हातात आला. त्यातून केबलचे टोक सोडवणे क्षणाचे काम होते. अडचण पुढे होती. केबलचे बाहेरचे आवरण चाकामागच्या जाड पत्र्यातून येते आणि तिथे पोलादाच्या लवचीक पाकळ्यांनी अडकलेले असते. सगळ्या पाकळ्या एकाच वेळी आत दबल्याशिवाय ते सुटत नाही, आणि पक्कडीने एक दाबावी तर दुसरी वर येते. त्यावर जुन्या मेकॅनिकांची एक युक्ती आहे. पाकळ्यांवरून जेमतेम जाईल अशा मापाचा रिंग पाना घ्यायचा, तो केबलच्या टोकावरून ओवून पाकळ्यांवर ठोकायचा. रिंग सगळ्या पाकळ्यांना एकदम आवळते आणि आवरण मागे ओढले की निघून येते. माझ्याकडे १३ मिलिमीटरचा पाना बरोबर बसला. पाकळ्यांभोवती गंज धरलेला होता म्हणून पाना दोनदा सरकला, पण तिसऱ्या ठोक्याला आवरण सुटले.

जुनी केबल काढण्याआधी तिच्या मार्गाची छायाचित्रे घेऊन ठेवली होती, आणि ती पुढे फार कामाला आली. ही केबल चॅसिसवरून एक्सलवर येते; पाटे दबले की एक्सल वर-खाली होतो, म्हणून मध्ये केबलला मुद्दाम सैल वळण ठेवलेले असते. ते वळण लहान केले तर गाडी भरल्यावर केबल आपोआप ताणली जाऊन ब्रेक घासू लागतो. मोठे केले तर केबल लोंबून प्रॉपेलर शाफ्टला (इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या फिरत्या दांड्याला) किंवा सायलेन्सरला लागू शकते. प्रत्येक क्लिप आणि ब्रॅकेट होते तिथेच लावले. एका ब्रॅकेटची कड गंजून धारदार झाली होती, ती कानशीने घासून, रंग लावून घेतली.

जुनी केबल कुतूहलापोटी कापून पाहिली. अर्नेस्ट बाउडन यांनी १८९६ साली ब्रिटनमध्ये ज्या रचनेचे पेटंट घेतले तीच रचना आजही चालू आहे: आत पिळलेल्या तारांची दोरी, आणि तिच्याभोवती घट्ट गुंडाळलेल्या पोलादी तारेची नळी; आजच्या केबलमध्ये वरून प्लास्टिकचे आवरण, आणि दोरी आणि नळी यांच्यामध्ये नायलॉनसारखे घसरते अस्तरही असते. आतली दोरी जेवढी ओढली जाते तेवढ्याच जोराने बाहेरची नळी दाबली जाते, म्हणून नळीची दोन्ही टोके पक्की अडकलेली असणे आवश्यक असते. माझ्या केबलचे प्लास्टिक एक्सलवरच्या ब्रॅकेटपाशी, जिथे ते रोज वाकत होते तिथेच, नखाएवढे चिरले होते. त्या चिरेतून मिठाचे पाणी आत गेले, नळीची तार गंजली, गंजाने फुगून तिने अस्तर आत ढकलले, आणि दोरी आवळली गेली. बाकीची सगळी केबल आतून स्वच्छ होती. अशा केबलच्या टोकातून तेल सोडून ती चालू करून देणारे लोक भेटतात. ती काही आठवडे चालतेही, पण फुगलेली तार तेलाने आकसत नाही आणि तो खर्च नुसता पुढे ढकलला जातो. नव्या केबलमध्ये कारखान्यातूनच योग्य वंगण असते, तिच्यात आपण आणखी काही घालायची गरज नसते.

जोडणी उलट्या क्रमाने झाली. शू ज्या उंचवट्यांवर सरकतात तिथे, आणि फक्त तिथेच, उष्णता सोसणारे ग्रीस अगदी पातळ लावले. दातेरी चक्राचे आटे साफ करून त्यांनाही लावले. ड्रमच्या पोटातला गंज पॉलिश कागदाने काढला आणि कडेची फुगवटी घासून टाकली. कॅलिपरचे बोल्ट नवे घालून टॉर्क पान्याने (किती जोराने आवळले ते मोजणाऱ्या पान्याने), गाडीच्या पुस्तिकेतल्या मापाप्रमाणे आवळले. उजव्या बाजूचे काम निम्म्या वेळात झाले, कारण तिथली डिस्क सहज निघाली आणि शूही धड होते. तरीही बदलायचे ठरले होते म्हणून ते बदललेच.

हँडब्रेक जुळवण्याच्या क्रमाबाबत मी आग्रही आहे, कारण बहुतेक कामे इथेच बिघडतात. दांडी फार वर येते म्हणून खालचा नट आवळायचा, असे करून दांडी लगेच चौथ्या दातावर आणता येते, आणि गिऱ्हाईक खूश होते. प्रत्यक्षात शू ड्रमपासून दूर असतील तर त्या आवळण्याने फाकवणारा लिव्हर नेहमीच अर्धा उघडलेला राहतो, त्याची उपयोगी हालचाल आधीच खर्च होते, आणि जोर लावायची वेळ येते तेव्हा तो टोकाला पोचलेला असतो. म्हणून आधी केबल पूर्ण सैल ठेवली. डिस्क दोन नटांनी हबवर घट्ट धरून, भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून दातेरी चक्र डिस्क हाताने फिरेनाशी होईपर्यंत पुढे फिरवले, आणि मग डिस्क कुठेही न घासता मोकळी फिरेल इतके दात मागे घेतले. दोन्ही बाजूंना दात सारखेच मागे घेतले. त्यानंतर इक्वलायझरचा नट केबलमधला झोल जाईपर्यंतच आवळला. बायकोने दांडी अनेकदा पूर्ण जोराने ओढून सोडली, त्यामुळे नव्या केबलची टोके आणि नळी आपापल्या जागी दबून बसली आणि पुन्हा झोल आला; तो काढून चेकनट (पहिला नट सुटू नये म्हणून असलेला दुसरा नट) आवळला. आता पट्टी सरळ राहून पुढे येत होती. दांडीच्या दुसऱ्या दाताला डिस्क किंचित घासू लागे, चौथ्या-पाचव्याला दोन्ही चाके हाताने हलत नसत, आणि दांडी खाली सोडली की दोन्ही मोकळी फिरत.

चाके लावून, नट ठरलेल्या टॉर्कने आवळून, आधी पायाचा ब्रेक काही वेळा दाबून पॅड डिस्कला भिडवले. हे विसरल्यास पहिल्याच वळणावर पाय खोल जातो. नव्या शूंना ड्रमच्या गोलाईशी जुळवून घ्यावे लागते आणि ते काम चालत्या गाडीतच होते; रिकाम्या रस्त्यावर सावकाश चालवत, दांडीचे बटण दाबून धरून, हँडब्रेक हलका ओढून थोडे अंतर गेलो, मग शू थंड होऊ दिले आणि पुन्हा तसेच केले. बटण दाबलेले ठेवायचे ते एवढ्यासाठी, की मागची चाके अडली तर दांडी ताबडतोब सोडता यावी.

नापास झालेली गाडी दहा कामकाजाच्या दिवसांच्या आत त्याच केंद्रावर परत आणली तर साधारणतः अर्धवट फेरतपासणीवर भागते, त्यामुळे ती मुदत सांभाळून गाडी नेली. या वेळी दोन्ही काटे बरोबरीने वर गेले आणि १६ टक्क्यांची अट सहज पार पडली. तपासणाऱ्याने डाव्या केबलच्या वळणावर बॅटरी मारून पाहिली आणि कागदावर कुठलाही शेरा लिहिला नाही.

महिन्याभराने दांडी एक दात जास्त वर येऊ लागली. शूंच्या लायनरचे उंच भाग घासून ड्रमशी जुळले होते आणि केबलही थोडी ताणली होती, जे अपेक्षितच असते. मागची चाके काढून भोकातून दातेरी चक्र पुन्हा तपासले, दोन्ही बाजूंना एकेक दात पुढे घेतला, आणि खालच्या नटाला हात लावावा लागला नाही.